आरएमने फाइल गेली, पण जागा का सुटली नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटू सर्व्हर, 40 जीबीचं ईएक्सटी4 रूट पार्टिशन, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी. डिस्क 100 टक्के भरली म्हणून 18 जीबीचा अ‍ॅक्सेस लॉग आरएम या फाइल उडवणाऱ्या कमांडने उडवला. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ तरीही 100 टक्केच दाखवते (एकूण 40 जीबी, वापर 38, उपलब्ध 0) आणि फोल्डरांचा वापर मोजणारी डीयू म्हणते, वापर फक्त 19 जीबी. मग पीएचपीच्या जुन्या सेशन फायली उडवायला घेतल्या तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ आलं. शिवाय ‘दुसऱ्या-सत्राचे-गुण’ नावाची एक फाइल एलएसला (फोल्डरातली नावं दाखवणारी कमांड) दिसते, पण तेच नाव टाइप करून आरएम केलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

(खाली सगळ्या कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ऑप्शनचं अक्षर कॅपिटल असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी स्मॉल.)

तिन्ही तक्रारी वेगळ्या दिसतात, पण तिन्हींत फायलीचं नाव आणि फाइल या दोन गोष्टी एकच धरल्या गेल्या आहेत. युनिक्समध्ये त्या एक नाहीत. फाइल म्हणजे आयनोड: आकार, मालक, परवानग्या आणि डेटा डिस्कवर कुठे आहे याची नोंद. आयनोडमध्ये नाव नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये, आणि फोल्डर म्हणजे ‘हे नाव, हा आयनोड क्रमांक’ अशा जोड्यांची वही. आरएम त्या वहीतली एक ओळ खोडते, एवढंच. तिच्यामागच्या सिस्टिम कॉलचं नावसुद्धा ‘डिलीट’ नाही, ‘अनलिंक’ आहे. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसंच हे.

डेटाची जागा खरोखर सुटायला दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्या आयनोडला एकही नाव उरलेलं नको, म्हणजे लिंक काउंट शून्य हवा. आणि कुठल्याही चालू प्रोसेसने ती फाइल उघडून धरलेली नको. तुमच्या लॉगची पहिली अट पूर्ण झाली, दुसरी नाही. एनजिनएक्स अजून त्याच निनावी फायलीत लिहितो आहे.

डीएफ आणि डीयूचा मेळ का बसत नाही तेही यातून कळतं. डीएफ थेट फाइलसिस्टिमलाच विचारते की किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू मात्र फोल्डरमागून फोल्डर हिंडून, भेटेल त्या प्रत्येक नावामागचे ब्लॉक मोजत बेरीज करते. ज्याला नाव नाही ते डीयूला भेटणारच नाही. दोघींपैकी कोणी खोटं बोलत नाही. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. फक्त डीयू सुडोशिवाय, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, चालवली असेल तर ती आकडा हमखास कमी सांगते, कारण बंद फोल्डर ती वगळते. म्हणून तुलना करायची ती याच्याशी:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच

यातला एक्स महत्त्वाचा. तो नसेल तर डीयू दुसऱ्या डिस्कवर, नेटवर्क शेअरवर, कुठेही शिरते आणि बेरीज निरर्थक होते. मॅकवर --मॅक्स-डेप्थ=1 ऐवजी -डी 1 लिहिलेलं बरं.

आता गुन्हेगार पकडू या:

सुडो एलएसओएफ +एल1

(एल कॅपिटल.) अर्थ: ज्यांचा लिंक काउंट 1 पेक्षा कमी आहे, पण ज्या उघड्या आहेत अशा फायली दाखव. तुमच्याकडे साधारण अशी ओळ येईल:

एनजिनएक्स 812 रूट 5डब्ल्यू आरईजी 252,1 19327352832 0 1311042 /व्हार/लॉग/एनजिनएक्स/अ‍ॅक्सेस.लॉग (डिलीटेड)

डावीकडून वाचा: प्रोग्रॅम, प्रोसेस क्रमांक 812, मालक, फाइल डिस्क्रिप्टर 5 (प्रोसेसने उघडलेल्या फायलीचा क्रमांक; डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेला), साधी फाइल, डिव्हाइस, आकार बाइटमध्ये, लिंक काउंट 0, आयनोड क्रमांक आणि शेवटी नाव. 19327352832 म्हणजे बरोब्बर 18 जीबी.

इथे एक गंमत होते. एनजिनएक्सची एक मास्टर आणि समजा चार वर्कर प्रोसेस असतील तर हीच ओळ पाच वेळा येईल. बेरीज केली तर 40 जीबीच्या डिस्कवर 90 जीबी! आयनोडचा रकाना बघा. पाचही ओळींत तोच क्रमांक असेल तर फाइल एकच आहे.

एलएसओएफ मशीनवर नसेल तर भरलेल्या डिस्कवर ती इन्स्टॉल करणं हीच एक कसरत होते. तिच्यावाचूनही भागतं:

सुडो फाइंड /प्रॉक/[0-9]*/एफडी -एलनेम '*डिलीटेड*' -एलएस

लिनक्स प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फायली /प्रॉकखाली सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी नोंद) म्हणून दाखवतो आणि खोडलेल्या नावापुढे कंसात ‘डिलीटेड’ लिहितो. एवढ्यावर काम होतं.

दिसेल ती प्रत्येक ‘डिलीटेड’ ओळ म्हणजे बिघाड नव्हे, हेही सांगून ठेवतो. तात्पुरती फाइल उघडायची आणि लगेच तिचं नाव खोडायचं ही युनिक्समधली जुनी, मुद्दाम केलेली पद्धत आहे. प्रोसेस मेली की फाइल आपोआप नाहीशी होते, मागे कचरा उरत नाही. डेटाबेस सर्व्हर हे सर्रास करतात. आकार बघा, जीबीच्या घरात असेल तरच मागे लागा.

इलाज. एनजिनएक्सला फक्त लॉग पुन्हा उघडायला सांगायचं:

सुडो एनजिनएक्स -एस रीओपन

जुना डिस्क्रिप्टर बंद होतो, त्याच नावाची नवी रिकामी फाइल तयार होते आणि काही सेकंदांत डीएफचा आकडा खाली येतो. कनेक्शन तुटत नाहीत. रीस्टार्ट करायची गरज नाही, सर्व्हर रीबूट करायची तर मुळीच नाही. रीबूटने जागा सुटते हे खरं, कारण सगळ्याच प्रोसेस मरतात. पण मग मुळात काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

प्रोसेस अशी असेल की जिला हात लावता येत नाही, चार दिवसांपासून चाललेलं एखादं गणित, तर तिच्या डिस्क्रिप्टरमधूनच फाइल रिकामी करता येते:

सुडो ट्रंकेट -एस 0 /प्रॉक/812/एफडी/5

लॉग हवा असेल तर त्याआधी सीपीने /प्रॉक/812/एफडी/5 ची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. चुकून आरएम केलेली पण अजून उघडी असलेली फाइल परत मिळवायचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. मात्र प्रोसेस जिवंत असेपर्यंतच.

ट्रंकेटमध्ये एक खोच आहे. प्रोसेसने फाइल अपेंड पद्धतीने उघडली असेल तर प्रत्येक वेळी लिखाण फायलीच्या शेवटी जातं. रिकामी केल्यावर शेवट शून्यावर येतो, सगळं ठीक. एनजिनएक्स असंच उघडतो. पण शेलमध्ये (तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कोणी एकेरी > वापरून आउटपुट वळवलं असेल तर प्रोसेसला आपली जागा पाठ असते, ‘मी 18 जीबीवर होतो’. रिकामी केल्यावरही ती तिथूनच पुढे लिहिते. मग एलएस -एल पुन्हा 18 जीबी दाखवते आणि लोक घाबरतात. प्रत्यक्षात मधली जागा पोकळ असते, तिला ब्लॉक दिलेलेच नसतात. एलएस -एलएस मध्ये सुरुवातीला येणारा ब्लॉकचा आकडा किंवा साधी डीयू बघा, खरा वापर किरकोळ निघेल. आधीच तपासायचं असेल तर /प्रॉक/812/एफडीइन्फो/5 उघडून ‘फ्लॅग्ज’ची ओळ वाचा. तो अष्टमान आकडा आहे. उजवीकडून चौथा अंक 2 असेल, उदाहरणार्थ 0102001, तर अपेंड आहे. 0100001 असेल तर नाही. म्हणून स्वतःच्या स्क्रिप्टचा लॉग नेहमी दुहेरी >> ने वळवावा.

पुढच्या वेळी जिवंत लॉगवर आरएम चालवूच नका. नाव तसंच ठेवून आतला मजकूर काढा:

सुडो ट्रंकेट -एस 0 /व्हार/लॉग/एनजिनएक्स/अ‍ॅक्सेस.लॉग

याऐवजी सुडो लावून एकेरी > ने फाइल रिकामी करायला गेलात तर ‘पर्मिशन डिनाइड’ येईल. वळवण्याचं काम सुडो करत नाही, तुमचा शेल करतो, आणि तेही सुडो सुरू होण्याआधी, तुमच्याच परवानगीने.

कायमचा उपाय लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग ठरावीक वेळाने बाजूला काढून नवे सुरू करणारा प्रोग्रॅम. उबुंटूचं एनजिनएक्स पॅकेज त्याची सेटिंग सोबत आणतं, फिरवणी झाल्यावर एनजिनएक्सला सिग्नल देण्याच्या ओळीसकट. 18 जीबीचा लॉग साठला याचा अर्थ ती सेटिंग तुमच्या लॉगच्या पाथला लागू होत नाही किंवा चालतच नाही. ‘लॉगरोटेट -डी’ आणि पुढे सेटिंगच्या फायलीचं नाव दिलं की काहीही न बदलता ती काय करणार होती ते छापून दाखवते. ज्या प्रोग्रॅमला लॉग पुन्हा उघडता येत नाही त्याच्यासाठी ‘कॉपीट्रंकेट’ आहे. प्रत काढणं आणि रिकामं करणं यांच्यामधल्या क्षणात आलेल्या ओळी त्यात हरवू शकतात, हे मान्य करून वापरा. सिस्टिमडीच्या जर्नलला (सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगला) आरएम लावू नका. त्याचं काम ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=200एम’ (एम कॅपिटल) करते. मर्यादा ठरवून दिली नसेल तर जर्नल फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत, पण कमाल 4 जीबी घेतो. तुमच्या 40 जीबीवर दोन्ही हिशेब एकाच आकड्यावर येतात.

आता तुमच्या डीएफमधली दुसरी विसंगती. एकूण 40, वापर 38, उपलब्ध 0. मधले 2 जीबी कुठे गेले? कुठेच नाही. ईएक्सटी4 बनवताना 5 टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवले जातात, 40 जीबीवर ते 2 जीबी. टक्केवारीही एकूण आकारावर नसते, ‘वापर भागिले वापर अधिक उपलब्ध’ अशी काढतात. त्यामुळे रूट म्हणून लॉग इन केलं की फाइल आरामात लिहिता येते आणि वेबसाइट मात्र ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून रडत असते. रूट पार्टिशनवरची ही राखीव जागा मी कमी करणार नाही, अडचणीच्या वेळी तीच वाचवते. पण फक्त डेटा ठेवायच्या 4 टीबीच्या डिस्कवर 5 टक्के म्हणजे 200 जीबी अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे ‘ट्यून2एफएस -एम 1’ आणि पुढे डिव्हाइसचं नाव. चालू, माउंट केलेल्या (एखाद्या फोल्डरवर जोडलेल्या) डिस्कवरही हे बिनधास्त चालतं. जाता जाता: डीएफ -एच आकडे वर ढकलून दाखवते, 37.2 चे 38 होतात. एक-दोन जीबीच्या फरकावर डोकं खपवू नका.

उघडी फाइल सापडली नाही आणि तफावत तरीही मोठी असेल, तर पुढचा संशय माउंटखाली दबलेल्या फायलींवर. समजा /बॅकअपवर दुसरी डिस्क माउंट होते. एका रात्री ती माउंट झाली नाही आणि बॅकअपच्या स्क्रिप्टने रूटवरच्याच /बॅकअप फोल्डरमध्ये 10 जीबी ओतले. सकाळी डिस्क माउंट झाली आणि तिने ते झाकून टाकले. डीयूला ते दिसणार नाहीत, डीएफ मोजणार. बघायचे तर:

सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी
सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /एमएनटी

बाइंड माउंटमध्ये वरचे थर येत नाहीत, रूटचं मूळ झाड उघडं पडतं. काम झालं की ‘यूमाउंट /एमएनटी’ विसरू नका. विसरून कोणी /एमएनटीमध्ये रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरांसकट) आरएम चालवली तर ती थेट खऱ्या रूटवर चालेल.

बॅकअप हार्ड लिंकवर (एकाच आयनोडला अनेक नावं) चालत असतील, म्हणजे आरसिंकचं --लिंक-डेस्ट, तर जुना एक दिवस उडवून जवळजवळ काहीच जागा सुटत नाही. कारण तेच: नाव एक गेलं, इतर दिवसांच्या फोल्डरांत तीच फाइल दुसऱ्या नावांनी आहे. एलएस -एलच्या दुसऱ्या रकान्यात किती नावं आहेत ते दिसतं. बीटीआरएफएसवर आणि मॅकच्या एपीएफएसवर स्नॅपशॉट (एका क्षणाची जपलेली स्थिती) हीच भूमिका करतात. मॅकवर ‘टीएमयूटिल लिस्टलोकलस्नॅपशॉट्स /’ करून बघा.

आता सेशन फायली. आधी हे चालवा:

डीएफ -आय

डिस्कवर जीबी शिल्लक असतानाही ‘नो स्पेस लेफ्ट’ येऊ शकतं, कारण आयनोड संपलेले असतात आणि दोन्ही वेळा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकच एरर क्रमांक देतो, 28. ईएक्सटी4 मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या सेटिंगला दर 16384 बाइटमागे एक. 40 जीबीला ते 26 लाख 21 हजार 440 होतात. फाइलसिस्टिमचा आकार न वाढवता ते नंतर वाढवता येत नाहीत. एक्सएफएस गरजेप्रमाणे आयनोड बनवतो, तिथे हा त्रास क्वचित. आयनोड कुणी खाल्ले ते शोधायला डीयूलाच --आयनोड्स हा ऑप्शन आहे:

सुडो डीयू -एक्स --आयनोड्स / | सॉर्ट -एन | टेल -20

पीएचपीची एक बाब ठाऊक असायला हवी. डेबियन-उबुंटूवर पीएचपी स्वतः जुनी सेशन साफ करत नाही, ती शक्यता मुद्दाम शून्य ठेवलेली असते. साफसफाई एक वेगळा टायमर करतो. तो पीएचपी.आयएनआयमध्ये लिहिलेलंच सेशन फोल्डर बघतो. तुमच्या अ‍ॅपने कोडमध्ये स्वतःचं वेगळं फोल्डर ठरवलं असेल तर ते कोणीच झाडत नाही. लाखो फायली साठलेल्या सर्व्हरवर बहुतेक वेळा हेच निघतं.

‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ ही आरएमची तक्रारच नाही. तुम्ही ‘आरएम सेस_*’ लिहिलंत तेव्हा तारांकनाचा विस्तार शेलने केला: सगळी नावं एका ओळीत मांडली आणि कर्नलला म्हणाला, या यादीसकट आरएम सुरू कर. कर्नलने यादी बघूनच नकार दिला. आरएम सुरूही झाली नाही. लिनक्सवर ही मर्यादा स्टॅकच्या (प्रोसेसच्या कामचलाऊ मेमरीच्या) मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते, नेहमीच्या 8 एमबी स्टॅकला 2 एमबी. ‘गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स’ (एआरजी_मॅक्स कॅपिटल) 2097152 सांगते. ‘सेस_’ (रोमनमध्ये पाच अक्षरं) आणि पुढे 26 अक्षरं धरली तर नावाचे 31 बाइट, शेवटचा शून्य 1, पॉइंटरचे 8, असे 40. म्हणजे पन्नासेक हजार फायलींपलीकडे गाडी अडणार. स्टॅकची मर्यादा वाढवून हे सोडवणारे आहेत, पण तो आजार लांबवणं झालं. नावं एका ओळीत न मांडता एकेक उचलणारी कमांड हवी:

सुडो फाइंड /तुमचं/सेशन/फोल्डर -मॅक्सडेप्थ 1 -टाइप एफ -नेम 'सेस_*' -एमटाइम +7 -प्रिंट | हेड

आधी एवढंच चालवा आणि बरोबर त्याच फायली येतात का बघा. मग ‘-प्रिंट’च्या जागी ‘-डिलीट’ घाला आणि ‘हेड’ काढा. तीन ठिकाणी लोक अडखळतात. नावाभोवतीचं अवतरणचिन्ह विसरलं की विस्तार पुन्हा शेलच करतो. ‘+7’ म्हणजे सात दिवसांपेक्षा जुन्या असं वाटतं, पण फाइंड वय पूर्ण 24 तासांत मोजते आणि अपूर्णांक सोडून देते, म्हणून आठ दिवस पूर्ण झालेल्याच फायली येतात. नेमकं हवं असेल तर -एममिन +10080. आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक: ‘-डिलीट’ आधी लिहिणं. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचते. ‘फाइंड फोल्डर -डिलीट -नेम अमुक’ असं लिहिलं तर ती आधी समोर येईल ते उडवते आणि नावाची चौकशी नंतर करते.

अशा फोल्डरात नुसती एलएस अडकून पडते, कारण ती सगळी नावं गोळा करून क्रमाने लावल्याशिवाय एक ओळही छापत नाही. ‘एलएस -एफ’ क्रम लावत नाही, लगेच धावते. तिला ‘डब्ल्यूसी -एल’ जोडून संख्या काढा. साफसफाईनंतरही फोल्डर संथ वाटला तर ‘एलएस -एलडी’ करून त्याचा स्वतःचा आकार बघा. ईएक्सटी4 चा फोल्डर फुगतो, पण रिकामा झाल्यावर आक्रसत नाही, वही तेवढीच जाड राहते. नवा फोल्डर बनवायचा, मालक आणि परवानग्या तशाच द्यायच्या, उरलेल्या फायली हलवायच्या आणि नावांची अदलाबदल करायची.

आरएमचे इतर नकार भराभर. ‘पर्मिशन डिनाइड’ आलं तर फायलीच्या नव्हे, फोल्डरच्या परवानग्या बघा; ओळ खोडायची आहे ती फोल्डरच्या वहीतली. /टीएमपीसारख्या स्टिकी बिटच्या फोल्डरात मात्र फाइल तुमची किंवा फोल्डर तुमचा असावा लागतो. रूटलाही ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ आलं तर ‘एलएसएटीटीआर’ करा. आय हे अक्षर दिसलं तर फाइल गोठवलेली आहे, ‘सीएचएटीटीआर -आय’ ने सुटते. पण कोणी का गोठवली ते आधी विचारा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ अचानक आलं तर आरएम सोडा, डीमेसेज वाचा आणि डिस्कच्या तब्येतीकडे बघा. नाव डॅशने सुरू होत असेल तर आरएमला तो ऑप्शन वाटतो, पुढे ./ लावा. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर) फाइल उडवताच .एनएफएस आणि लांबलचक आकड्यांची नवी फाइल उगवते. ती पुन्हा तीच उघडी असलेली निनावी फाइल. प्रोसेस बंद झाली की तीही जाते.

उरली तुमची ‘दुसऱ्या-सत्राचे-गुण’. कर्नलला देवनागरी कळत नाही, मराठीही नाही. नाव म्हणजे त्याच्यासाठी बाइटची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, आणि जुळणी बाइटला बाइट होते. पडद्यावर सारखं दिसणं वेगळं आणि सारखं असणं वेगळं. ‘दुसऱ्या’तला ऱ्य युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो. खरे बाइट असे बघा:

एलसी_ऑल=सी एलएस -बी

(एलसी_ऑल आणि सी कॅपिटल.) ‘दुस’चे बाइट गेल्यावर यांपैकी एक माळ दिसेल:

\340\244\261\340\245\215 – नुक्तावाला एकसंध ऱ, मग हलंत
\340\244\260\340\244\274\340\245\215 – साधा र, सुटा नुक्ता, मग हलंत
\340\244\260\340\245\215\342\200\215 – साधा र, हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, तिथून पहिली माळ येते. काही फोनेटिक कीबोर्ड तिसरी देतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फायलींत दुसरी सापडते, कारण ती फाइलसिस्टिम ऱ सारख्या एकसंध अक्षरांचे सुटे भाग करून नाव साठवत असे. फाइल एकाने एका कीबोर्डवर बनवली आणि तुम्ही दुसऱ्यावर टाइप करता. आरएमच्या दृष्टीने ते वेगळंच नाव आहे. ‘नो सच फाइल’ हे अगदी खरं उत्तर आहे.

एकाच फायलीपुरतं असेल तर नाव टाइपच करू नका. ‘एलएस -एलआय’ने आयनोड क्रमांक घ्या आणि:

फाइंड . -मॅक्सडेप्थ 1 -आयनम 1311977 -डिलीट

किंवा नावातला अडचणीचा भाग तारांकनावर सोडा: आरएम -आय -- दुस*गुण*

पूर्ण फोल्डरच असा असेल तर पहिल्या दोन तऱ्हांसाठी ‘कॉन्व्हएमव्ही --एनएफसी -एफ यूटीएफ8 -टी यूटीएफ8 -आर’ (आर स्मॉल) आहे. ती आधी फक्त काय करणार ते दाखवते, खरोखर बदलायला --नोटेस्ट लावावं लागतं. तिसऱ्या तऱ्हेला ती हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी जॉइनरवालं रूप बाकी दोघांशी समतुल्य नाही. इथे जॉइनर नुसता पुसून टाकायचा मोह होतो. पुसला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर चढतो आणि नाव अशुद्ध. पूर्ण त्रिकूट काढून तिथे एकसंध ऱ आणि हलंत बसवावा लागतो. बॅशमध्ये:

फॉर एफ इन *; डू
एन=${एफ//$'\340\244\260\340\245\215\342\200\215'/$'\340\244\261\340\245\215'}
[ "$एफ" = "$एन" ] || एमव्ही -एन -- "$एफ" "$एन"
डन

बदललेलं नाव आधीच दुसऱ्या फायलीला असेल तर -एनमुळे एमव्ही ती फाइल जागच्या जागी सोडते, वर लिहीत नाही. म्हणून लूप संपल्यावर ‘एलसी_ऑल=सी एलएस -बी’ पुन्हा चालवा. \340\244\260\340\245\215\342\200\215 हे पूर्ण त्रिकूट अजून कुठे उरलं असेल तर तिथे सारख्या दिसणाऱ्या दोन फायली आहेत. त्या ‘सीएमपी’ने ताडून बघा आणि मगच एक उडवा.